प्रौढ फिगर स्केटरने नव्या शहरात घर कुठे घ्यावे? रिंक, वेळापत्रक आणि प्रवासाचे गणित

नोकरी बदलली, बदली झाली किंवा लग्नानंतर दुसऱ्या शहरात जायचे ठरले की घर शोधण्याची यादी तयार होते. भाडे किती, कार्यालय किती लांब, मुलांची शाळा कुठे, बाजार जवळ आहे का, हे प्रश्न सगळ्यांचेच असतात. फिगर स्केटिंग करणाऱ्या प्रौढ माणसाच्या यादीत आणखी एक प्रश्न असतो, तो म्हणजे रिंक कुठे आहे.

हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. नकाशावर 'आइस रिंक' असे शोधले की चार-पाच खुणा दिसतात आणि त्यांतल्या जवळच्या खुणेपाशी घर घेतले जाते. महिन्याभरात लक्षात येते की त्या रिंकवर संध्याकाळी सहानंतर फक्त हॉकी चालते, फिगर स्केटिंगची सत्रे दुपारी अडीचला असतात आणि एप्रिलमध्ये बर्फ काढून टाकतात. रिंक घरापासून दहा मिनिटांवर असूनही आठवड्यातून एकदाच जाणे होते. काही महिन्यांत तेही थांबते आणि अनेक वर्षांच्या मेहनतीने कमावलेल्या गिरक्या आणि उड्या हातच्या जातात.

म्हणून घर निवडताना खरा प्रश्न असा विचारावा लागतो: आपल्याला मोकळ्या असलेल्या वेळी, आपल्याला जे करायचे आहे ते करता येईल असा बर्फ, आठवड्यातून किती तास मिळेल? या लेखात प्रामुख्याने अमेरिकेचे उदाहरण घेतले आहे, कारण प्रौढ स्केटिंगची व्यवस्था तिथे चांगली रुजली आहे आणि नोकरीनिमित्त तिथे जाणाऱ्या मराठी माणसांची संख्याही मोठी आहे.

प्रौढ स्केटर म्हणजे कोण?

फिगर स्केटिंग म्हटले की ऑलिंपिकमधली पंधरा-सोळा वर्षांची मुले डोळ्यांसमोर येतात. प्रौढ स्केटिंग हा या खेळाचा वेगळा, मान्यताप्राप्त विभाग आहे. अमेरिकेत प्रौढांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९९५ साली डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन येथे झाली. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या मान्यतेने होणारी प्रौढांची स्पर्धा २००५ पासून जर्मनीतल्या ओबर्स्टडोर्फ या आल्प्स पर्वतातल्या गावी भरू लागली. अमेरिकी स्पर्धांत साधारण २१ वर्षांपुढचे, तर ओबर्स्टडोर्फला २८ वर्षांपुढचे स्केटर भाग घेतात. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, मास्टर्स असे कौशल्याचे स्तर असतात आणि वयाचे गटही असतात.

यांतले काही जण लहानपणी स्पर्धा खेळलेले आणि नंतर परत आलेले असतात. बरेच जण मात्र तिशी-चाळिशीत पहिल्यांदा बर्फावर उभे राहिलेले असतात. दोघांचीही एक अडचण सारखीच असते. लहान स्पर्धकासाठी सगळे घर रिंकच्या वेळापत्रकाप्रमाणे चालते. प्रौढाला नोकरी, घर आणि शरीर या तिन्हींना सांभाळून स्केटिंग बसवावे लागते. त्यामुळे राहण्याच्या जागेचा परिणाम मुलांपेक्षा प्रौढांवर जास्त होतो.

रिंक आहे, पण बर्फ कधी मिळतो?

अमेरिकेतल्या बहुतेक रिंकवर बर्फाचा वेळ वेगवेगळ्या सत्रांत वाटलेला असतो. त्यांतली दोन सत्रे प्रौढ स्केटरच्या कामाची असतात.

पहिले फ्रीस्टाइल सत्र. हे फक्त फिगर स्केटिंग करणाऱ्यांसाठी राखीव असते. बर्फावर किती जण असावेत याला मर्यादा असते, पाळीपाळीने प्रत्येकाचे संगीत लावले जाते आणि प्रशिक्षक शिकवू शकतात. ज्याचे संगीत सुरू असेल त्याला इतरांनी वाट द्यायची, हा इथला अलिखित आणि अनेकदा लिखित नियम असतो. काही रिंक ही सत्रे स्तरानुसार विभागतात, म्हणजे वरच्या परीक्षा दिलेल्यांसाठी वेगळी आणि नवशिक्यांसाठी वेगळी. नुकतीच एकेरी उडी शिकणाऱ्या प्रौढाला वरच्या स्तराच्या सत्रात प्रवेश मिळतो की नाही, हे आधी विचारावे लागते.

दुसरे सार्वजनिक सत्र. यात भाड्याचे बूट घालून आलेली कुटुंबे, शाळेच्या सहली, वाढदिवसाच्या पार्ट्या सगळे असतात. शनिवारी-रविवारी इथे उडी मारणे धोक्याचे आणि बहुतेक ठिकाणी मनाईचे असते. पण आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी हेच सत्र जवळजवळ रिकामे असते. ज्याला घरून काम करता येते किंवा जेवणाच्या सुट्टीत दीड तास बाहेर पडता येते, त्याच्यासाठी ही स्वस्त आणि चांगली सोय ठरते.

साधारण रिंकचा कामाचा दिवस असा असतो:

- पहाटे साडेपाच-सहा ते आठ-नऊ: फ्रीस्टाइल सत्रे
- सकाळ उलटल्यावर ते दुपार: सार्वजनिक सत्र, काही ठिकाणी खास प्रौढांसाठी राखीव तास
- दुपारी अडीच-तीन ते साडेपाच-सहा: फ्रीस्टाइल सत्रे, शाळेतून आलेल्या मुलांची गर्दी
- संध्याकाळी सहापासून रात्री उशिरापर्यंत: हॉकीचे सराव आणि सामने

नऊ ते पाच नोकरी करणाऱ्याने या यादीकडे पाहिले की त्याच्या वाट्याला काय येते ते लगेच कळते. पहाट किंवा शनिवार-रविवार, एवढेच उरते. म्हणून घर पाहण्याआधी रिंकच्या संकेतस्थळावरचे वेळापत्रक उघडावे, आपल्याला खरोखर जमतील त्या सत्रांवर खूण करावी आणि त्यांचे तास मोजावेत. आठवड्याला तीन-चार तासही भरत नसतील, तर तो रिंक घराशेजारी असूनही दूरच समजावा. वेळापत्रक एकाच महिन्याचे पाहू नये. ऑक्टोबरचे, जानेवारीचे आणि जुलैचे अशी तीन पाहिली की वर्षाचे खरे चित्र दिसते.

बर्फाची मैदाने किती आणि मालक कोण?

रिंकच्या एका इमारतीत बर्फाचे एकच मैदान असू शकते किंवा अनेक असू शकतात. एकच मैदान असेल तर हॉकीची स्पर्धा आली की सगळी सत्रे रद्द होतात आणि बर्फ गोठवणारी यंत्रणा बिघडली की रिंकच बंद पडतो. दोन-तीन मैदाने असली की एकावर हॉकी चालू असताना दुसऱ्यावर फिगर स्केटिंग चालू राहू शकते.

मैदानाचे मापही पाहण्यासारखे असते. आंतरराष्ट्रीय माप साधारण ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असते. उत्तर अमेरिकेतले हॉकीचे माप सुमारे ६१ बाय २६ मीटर असते. रुंदीतला हा चार मीटरचा फरक रचना बसवताना जाणवतो. बर्फाच्या कडकपणातही फरक असतो. हॉकीसाठी बर्फ जास्त थंड आणि कडक ठेवतात. फिगर स्केटिंगला किंचित मऊ बर्फ लागतो, कारण उडी घेताना आणि उतरताना ब्लेडची कड त्यात नीट रुतावी लागते. हॉकीप्रधान रिंकवर कडक बर्फाची सवय करून घ्यावी लागते.

मालकीनुसार रिंकचे स्वभाव वेगळे असतात. नगरपालिकेचा किंवा राज्याचा रिंक स्वस्त असतो, पण अनेक ठिकाणी हंगामी असतो. वसंतात बर्फ काढतात आणि शरद ऋतूत पुन्हा गोठवतात. विद्यापीठांच्या रिंकवर विद्यापीठाच्या संघांना पहिला मान असतो. व्यावसायिक रिंक वर्षभर चालतात, पण संध्याकाळचा बर्फ हॉकी संघांना भाड्याने देण्यात त्यांचे उत्पन्न असते. स्केटिंग क्लबच्या मालकीचा रिंक फिगर स्केटरसाठी सर्वांत सोयीचा, मात्र असे क्लब थोडे आहेत आणि त्यांची वर्गणीही जास्त असते.

अंतर किलोमीटरने मोजू नये

पहाटेचे सत्र साडेसातला संपले की स्केटर घरी जात नाही, कामाला जातो. म्हणून घर ते रिंक एवढेच अंतर पाहून चालत नाही. घर, रिंक आणि कार्यालय या तीन ठिकाणांचा मिळून एक रस्ता व्हावा लागतो. रिंक घर आणि कार्यालय यांच्या मध्ये असेल तर जाणे सहज होते. तो कार्यालयाच्या उलट दिशेला असेल तर परतताना ऐन गर्दीत अडकावे लागते.

सॅन फ्रान्सिस्को बे एरियाचे उदाहरण घेता येईल. सॅन होजे शहरातल्या शार्क्स आइस या रिंकमध्ये सहा मैदाने आहेत. फ्रीमाँटमध्ये राहणारा आणि सनीव्हेलमध्ये काम करणारा माणूस पहाटे पाचला सॅन होजेला थोड्या वेळात पोहोचतो, कारण रस्ते मोकळे असतात. पण आठनंतर तिथून कार्यालयाकडे निघाला की दरीतली सगळी वाहतूक त्याच्यासोबत असते. नकाशाच्या ॲपमध्ये प्रवासाची वेळ पाहताना पहाटेची एकदा आणि सत्र संपल्यानंतरची एकदा, अशी दोनदा पाहावी.

मिनिटांचा हिशेब छोटा वाटला तरी वर्षाला मोठा होतो. समजा, आठवड्यातून चार दिवस सराव आहे. एका घरापासून रिंक १५ मिनिटांवर आहे, दुसऱ्यापासून ४० मिनिटांवर. फरक एका फेरीला २५ मिनिटांचा, दिवसाला ५० मिनिटांचा आणि आठवड्याला ३ तास २० मिनिटांचा. वर्षातले ४८ आठवडे धरले तर १६० तास होतात. तेवढ्या वेळात चार दिवसांऐवजी पाच दिवस सराव करता आला असता किंवा निदान पुरेशी झोप मिळाली असती. दूरच्या घराचे भाडे कमी असेल, तर त्या बचतीसमोर हे तास आणि इंधन मांडून मगच निर्णय घ्यावा.

प्रशिक्षक आधी की घर आधी?

अमेरिकेत बहुतेक प्रशिक्षक स्वतंत्रपणे काम करतात. बर्फाचे शुल्क रिंकला आणि शिकवण्याचे शुल्क प्रशिक्षकाला, असे दोन वेगळे खर्च असतात. अनेक प्रशिक्षक दोन-तीन रिंकवर फिरतात. काही रिंक मात्र फक्त स्वतःच्या यादीतल्या प्रशिक्षकांनाच शिकवू देतात. म्हणून प्रशिक्षक पसंत पडला तरी तो आपल्या रिंकवर शिकवू शकतो का, हे विचारावे लागते.

प्रौढांना शिकवण्याची आवड आणि अनुभव सगळ्यांना नसतो. मुलाला 'पडलास तर उठ' म्हणता येते. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला पडण्याची भीती असते, गुडघ्याची जुनी दुखापत असते आणि उद्या कामावर जायचे असते. तंत्र बदलून, हळूहळू, कारण समजावून शिकवणारा प्रशिक्षक मिळणे हे सहा मैदानांच्या रिंकपेक्षाही मोलाचे ठरू शकते. त्यामुळे शक्य असेल तर आधी प्रशिक्षकाशी बोलावे, त्याच्याकडे पहाटेचा वेळ मोकळा आहे का पाहावे, एक-दोन धडे घेऊन पाहावेत आणि मग त्याच्या रिंकभोवती घर शोधावे. शहर सोडताना जुन्या प्रशिक्षकाला वेळेवर सांगण्याची पद्धत आहे. बहुतेकदा नव्या शहरातली योग्य नावे त्याच्याकडूनच कळतात.

क्लबचे सदस्यत्व मात्र घराच्या निर्णयाला अडवत नाही. अमेरिकी संघटनेचे सदस्यत्वाचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते. उत्तीर्ण झालेल्या परीक्षांची नोंद राष्ट्रीय पातळीवर राहते. शहर बदलले म्हणून त्या पुन्हा द्याव्या लागत नाहीत.

कोणती शाखा, त्यावरही शहर ठरते

एकट्याने स्केटिंग करणाऱ्याला बर्फ आणि प्रशिक्षक पुरेसे असतात. आइस डान्स किंवा जोडीने स्केटिंग करणाऱ्याला जोडीदार लागतो आणि तो मोठ्या, जुन्या क्लबांच्या परिसरातच मिळण्याची शक्यता जास्त असते. समूह स्केटिंगच्या संघात ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी एकत्र यावे लागते, तेव्हा प्रौढांचा संघ ज्या शहरात आहे तेच शहर निवडावे लागते. संघाचा सराव बहुधा शनिवार-रविवारी असल्याने त्यासाठी थोडे लांबचे घर चालून जाते. एकट्याच्या रोजच्या सरावाला ते चालत नाही.

काही ठिकाणे आणि त्यांतून मिळणारे धडे

*बॉस्टन.* द स्केटिंग क्लब ऑफ बॉस्टन हा १९१२ साली स्थापन झालेला क्लब आहे. त्याचा जुना रिंक १९३८ पासून शहरातच, चार्ल्स नदीजवळच्या सोल्जर्स फील्ड रोडवर होता. २०२० साली क्लब नॉरवुड या उपनगरातल्या तीन मैदानांच्या नव्या इमारतीत गेला. सोय वाढली, पण जुन्या रिंकजवळ घर असलेल्यांसाठी तोच क्लब शहराबाहेर गेला. या परिसरात राज्याच्या मालकीचे अनेक रिंकही आहेत, मात्र त्यांतले बरेच हंगामी आहेत. बॉस्टनमध्ये शहरात राहावे की उपनगरात, याचे उत्तर कार्यालयापेक्षा आपण कोणत्या क्लबचे सदस्य होणार यावर अवलंबून राहते.

*न्यूयॉर्क.* रॉकफेलर सेंटरचा १९३६ पासूनचा रिंक आणि सेंट्रल पार्कमधला वोलमन रिंक चित्रपटांतून जगभर माहीत आहेत. दोन्ही उघड्यावरचे, हंगामी आणि पर्यटकांनी भरलेले असतात. नेमाने सराव करणाऱ्याला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. मॅनहॅटनमध्ये हडसन नदीकाठचा चेल्सी पियर्स येथील स्काय रिंक बंदिस्त आहे. या शहराचा मोठा फायदा म्हणजे गाडीवाचून राहता येते. मात्र पहाटे साडेपाचला सबवेने कुठून किती वेळात पोहोचता येते, हे पाहूनच वस्ती निवडावी लागते.

*मिनीयापोलिस आणि सेंट पॉल.* बर्फाची मैदाने इथे भरपूर आहेत. जवळच्या ब्लेन येथील एकाच संकुलात आठ मैदाने आहेत. फिगर स्केटिंगचे बूट बनवणारी रीडेल ही कंपनीही याच राज्यातल्या रेड विंग गावची. पण हे हॉकीवेड्या लोकांचे राज्य आहे. हिवाळ्यात संध्याकाळचा बर्फ हॉकीचा असतो आणि काही रिंक उन्हाळ्यात बर्फ काढतात. संख्या मोठी असली तरी आपल्या वेळेला काय मिळते हे इथे अधिक काळजीने तपासावे लागते. हिवाळ्यातल्या पहाटे गाडीवरचे बर्फ खरवडून निघण्याची तयारीही हवी.

*कोलोरॅडो स्प्रिंग्स.* अमेरिकी फिगर स्केटिंग संघटनेचे मुख्यालय आणि या खेळाचे संग्रहालय या शहरात आहे. नामवंत प्रशिक्षक आणि वरच्या स्तराचे स्पर्धक इथे असतात. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८४० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. विरळ हवेमुळे नव्या माणसाला अडीच मिनिटांची रचना संपवताना धाप लागते आणि शरीर रुळायला काही आठवडे जातात. हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असलेल्याने आधी डॉक्टरांशी बोलावे.

*बर्कली.* इथला 'आइसलँड' रिंक १९४० साली सुरू झाला आणि २००७ साली बंद झाला. राष्ट्रीय स्पर्धा भरलेल्या त्या इमारतीत पुढे खेळाच्या साहित्याचे दुकान आले. बॉस्टनमधल्या स्थलांतरातून आणि बर्कलीच्या या रिंकमधून एकच धडा मिळतो. रिंक हलतात आणि बंदही पडतात. केवळ रिंकसाठी घर विकत घेऊ नये. पहिले वर्ष भाड्याने राहावे आणि गाडीने अर्ध्या-पाऊण तासात दुसरा एक रिंक असेल असा परिसर निवडावा.

खर्चाचा हिशेब

बर्फाचे दर शहरागणिक आणि रिंकगणिक बदलतात. पण त्यांची रचना सगळीकडे सारखी असते. ऐनवेळी येऊन भरलेले एका सत्राचे शुल्क सर्वांत महाग पडते. महिन्याचा किंवा हंगामाचा करार केला की दर कमी होतो, पण चुकलेल्या सत्राचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. नव्या शहरात पहिला महिना करार न करता जावे आणि आपण खरोखर किती वेळा जातो ते पाहून मग करार करावा.

घराच्या भाड्याशेजारी महिन्याचे बर्फाचे शुल्क, धडे, क्लबची वर्गणी, इंधन किंवा तिकीट आणि ब्लेडची धार यांची बेरीज लिहावी. महाग शहरातला स्वस्त नगरपालिका रिंक आणि स्वस्त गावातला महाग खासगी रिंक यांची बेरीज कधीकधी सारखीच येते. आरोग्य विम्याचा प्रश्नही यात धरावा. अमेरिकेत तो बहुधा नोकरीशी जोडलेला असतो. पडून मनगट मोडणे ही या खेळात नवलाची गोष्ट नसल्याने फिजिओथेरपी विम्यात बसते का, हे पाहून ठेवलेले बरे.

एच-१बी व्हिसावर असलेल्या नोकरदाराला कामाचे महानगर आपल्या मनाने बदलता येत नाही. कामाची जागा दुसऱ्या महानगरात गेली तर कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो. अशा माणसाच्या हाती शहराची निवड नसली तरी त्या शहरातल्या वस्तीची निवड असतेच, आणि वरचे सगळे मुद्दे वस्ती निवडतानाही तितकेच लागू पडतात.

लहान वाटणाऱ्या, पण अडणाऱ्या गोष्टी

*धार लावणारा.* फिगर स्केटिंगच्या ब्लेडला धार लावणे हे वेगळे कसब आहे. फक्त हॉकीचे ब्लेड करणाऱ्या दुकानात दिले तर पुढचे दाते घासले जाऊन महागडे ब्लेड वाया जाऊ शकते. चांगला कारागीर कुठे आहे हे रिंकवरच्या जुन्या स्केटरना विचारावे. तो दोन तासांवर असेल तर ब्लेडचा दुसरा जोड ठेवण्याचाही विचार करावा लागतो.

*रिंकमधली हवा.* बर्फ गुळगुळीत करणारी, झांबोनी या नावाने ओळखली जाणारी गाडी इंधनावर चालत असेल आणि वायुवीजन नीट नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड साचू शकतात. दमा असलेल्याने गाडी विजेवर चालते का, हे विचारून घ्यावे. सरावानंतर डोके दुखत असेल तर दुर्लक्ष करू नये.

*घर कोणत्या मजल्यावर.* उड्यांचा निम्मा सराव जमिनीवर, बूट काढून होतो. लाकडी फरशीच्या अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर हे केले की खालचा शेजारी दार वाजवतो. तळमजला, गॅरेज किंवा इमारतीतली व्यायामशाळा असेल तर प्रश्न सुटतो. बूट वाळवायला घरात कोरडी जागाही हवी. ओले बूट गाडीच्या डिकीत ठेवले की ब्लेड गंजते आणि चामडे खराब होते.

*घरातली माणसे.* पहाटे पाचला बाहेर पडणाऱ्या माणसामागे मुलांचा डबा आणि शाळेची बस दुसऱ्या कोणाला तरी सांभाळावी लागते. शाळा घरापासून चालत असेल तर हा ताण बराच कमी होतो. जोडीदाराची सोय न पाहता रिंकजवळ घेतलेले घर फार दिवस सुखाचे होत नाही.

आधी जाऊन पाहावे

घराचा करार करण्याआधी त्या शहरात तीन-चार दिवस काढता आले तर बूट सोबत न्यावेत. एक फ्रीस्टाइल सत्र पहाटेचे आणि एक शनिवारचे करावे. त्या वेळी पुढील गोष्टी विचाराव्यात:

- बर्फावर एका वेळी किती जणांना सोडतात? प्रत्यक्षात किती असतात?
- इतर प्रौढ स्केटर दिसतात का, आणि ते कोणत्या वेळी येतात?
- हॉकी स्पर्धांमुळे वर्षात किती आठवडे सत्रे रद्द होतात?
- उन्हाळ्यात बर्फ असतो का?
- जागा आधी राखावी लागते की येऊन पैसे भरले तरी चालते?
- बाहेरच्या प्रशिक्षकाला परवानगी आहे का?
- सरावाआधी शरीर तापवण्यासाठी जागा आहे का?

यांतला दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्या रिंकवर आधीपासून पाच-सहा प्रौढ नेमाने येतात, तिथे वेळापत्रक, प्रशिक्षक आणि वातावरण प्रौढांना मानवणारे आहे याचा तो पुरावा असतो. नव्या शहरातली पहिली ओळखही अनेकदा तिथेच होते.

भारतात परतणाऱ्यांसाठी

परदेशात स्केटिंग शिकून भारतात परतणाऱ्यांची निवड फारच मर्यादित आहे. शिमल्याचा नैसर्गिक बर्फाचा रिंक १९२० पासूनचा, पण तो थंडीतले काही आठवडेच चालतो. देहरादूनचा बंदिस्त रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला गेला आणि त्यानंतर अनेक वर्षे बंद राहिला. गुरुग्रामच्या एका मॉलमधल्या रिंकने दिल्लीकडच्या स्केटरची बरीच सोय केली. मुंबई-पुण्याकडे येणाऱ्याने बर्फाचा सराव वर्षातल्या एक-दोन शिबिरांपुरता राहील असे धरून चालावे. इनलाइन चाकांवरचा फिगर स्केटिंगचा सराव, नृत्य आणि जमिनीवरचा व्यायाम यांनी पाया टिकवता येतो. नोकरीत दिल्ली परिसर आणि मुंबई असे दोन पर्याय असतील, तर या खेळापुरते दिल्लीचे पारडे जड आहे.

थोडक्यात

प्रौढ स्केटरने आधी आपले मोकळे तास लिहावेत, मग त्या तासांत बर्फ देणारे रिंक शोधावेत, त्यांतून मनाजोगता प्रशिक्षक असलेला रिंक निवडावा आणि शेवटी त्या रिंकच्या व कार्यालयाच्या रस्त्यावर घर पाहावे. पहिले वर्ष भाड्याने राहावे आणि दुसरा रिंक हाताशी ठेवावा. नामवंत क्लबच्या शहरात राहून महिन्यातून दोनदा बर्फावर जाण्यापेक्षा साध्या गावातल्या साध्या रिंकवर आठवड्यातून चारदा जाणाऱ्याचे स्केटिंग जास्त सुधारते आणि जास्त वर्षे टिकते.